फुलांच्या खोऱ्यातली मेंढरं

गढवालमधली ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ १९३१ साली ‘सापडली’, असं सहलींच्या माहितीपत्रकांपासून शाळकरी निबंधांपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतं. त्या वर्षी २१ जूनला कामेट हे ७,७५६ मीटर उंचीचं शिखर पहिल्यांदा सर झालं. परतीच्या वाटेवर फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन, आर. एल. होल्ड्सवर्थ ही इंग्रज मंडळी भ्यूंडार खिंड ओलांडून ऐन पावसात पुष्पावती नदीच्या खोऱ्यात उतरली आणि तिथला फुलोरा पाहून थक्क झाली. स्माइथच्या मनातून ते खोरं गेलं नाही. १९३७ साली तो पुन्हा आला, महिनोन्‌महिने राहिला, नमुने आणि बिया गोळा केल्या, आणि १९३८ साली त्याचं पुस्तक निघालं. खोऱ्याला आजचं नाव त्या पुस्तकाने दिलं. पुढच्याच वर्षी वनस्पती गोळा करायला आलेली जोन मार्गारेट लेग इथे कड्यावरून घसरून गेली. तिची कबर पाहिल्याशिवाय हल्लीचे पर्यटक परतत नाहीत. इथवरची हकिकत खरी आहे. तिच्यातून गाळलं जातं ते एवढंच, की स्माइथने पाहिलेलं कुरण चरलेलं होतं. खालच्या गावांची शेरडं-मेंढरं दर उन्हाळ्यात त्या खोऱ्यात चढत होती आणि हे त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. मनुष्याचा हात न लागलेलं म्हणून जे जगभर मिरवलं गेलं ते निम्मंअधिक हिमाने आणि उरलेलं कळपांनी घडवलेलं होतं, आणि हा इतिहास विसरून घातलेली १९८२ सालची चराईबंदी म्हणूनच अर्ध्या माहितीवर उभी राहिली, असं माझं मत आहे.

आधी कुरणाकडे जवळून पाहायला हवं. भूर्जवृक्षांची रांग संपते आणि कायमच्या बर्फाची हद्द अजून दूर असते, अशा साधारण ३,२०० मीटरपासून वरच्या पट्ट्यात हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडगोट्यांवर आणि गाळावर ही कुरणं पसरलेली असतात. गढवाली माणूस त्यांना बुग्याल म्हणतो. वर्षातले सहा-सात महिने ती बर्फाखाली असतात. जूनमध्ये बर्फ वितळू लागलं की ते पाणी वाहून जाण्याआधी मातीत मुरतं, आणि जिथे उतार मंद तिथे जमीन पार सप्टेंबरपर्यंत ओलीगच्च राहते. पाऊल टाकलं तर बुटाच्या कडेने पाणी वर येतं. अशा जागी झऱ्याच्या अगदी काठाला पिवळ्याधमक, लुकलुकीत पाकळ्यांचा कॅल्था सगळ्यांत आधी फुलतो; त्याला लागून प्रिम्युला, जरा पुढे पेडिक्युलॅरिस आणि पांढऱ्या फुलांचा पार्नासिया. यांच्या बुडाशी लव्हाळ्याच्या कुळातल्या केरेक्स आणि कोब्रेसियाची दाट विणलेली चटई असते. पाणी कमी होत जातं तसा जिरेनियम आणि पोटेंटिला येतो. माती खोल आणि सकस असेल तिथे पुरुषभर उंचीचा रानतेरडा, अँजेलिका, आणि ज्याच्याविषयी पुढे बरंच बोलायचं आहे तो अमेला. संपूर्ण उद्यानात पाचशेहून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद आहे, पण जातींची यादी म्हणजे कुरण नव्हे. कोण कोणाच्या शेजारी उभा आहे, कोणी किती जागा अडवली आहे आणि कोणाची सावली कोणावर पडते, यावर कुरण ठरतं.

सावलीचा मुद्दा इथे निर्णायक आहे. कॅल्था, प्रिम्युला, केरेक्स या मंडळींचा वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीत असतो. मेंढीने वरचं पान खुडलं तरी बूड शाबूत राहतं आणि आठ-पंधरा दिवसांत नवं पान येतं. उंच वाढणाऱ्या झाडाचं तसं नाही; शेंडा गेला की त्याची त्या हंगामातली उंची गेली, आणि चार-पाच महिन्यांच्या उन्हाळ्यात उंची गमावणं परवडत नाही. म्हणून बेताने चरलेल्या कुरणात ठेंगण्या झाडांना ऊन मिळतं, अगदीच न चरलेल्या सकस जागी उंच झाडं त्यांच्या डोक्यावर छप्पर धरतात, आणि अतोनात चरलेल्या जागी दोघंही जाऊन मातीच उघडी पडते. तिन्ही अवस्था हिमालयात दाखवता येतात. त्यातली कोणती कुठे दिसेल हे तिथे कधी, किती आणि कोणाची जनावरं गेली यावर अवलंबून असतं, आणि ही इतिहासाची बाब आहे.

तो इतिहास कागदोपत्रीही सापडतो. कुमाऊँचा ब्रिटिश कमिशनर ट्रेल याने १८२३ साली, म्हणजे विक्रम संवत १८८० मध्ये, गावांच्या हद्दी नोंदवून घेतल्या. ‘अस्सी साल’ म्हणून पहाडी लोक अजून त्या बंदोबस्ताचा दाखला देतात, कारण त्यात गावाच्या शेतांबरोबर गावाचं रान आणि चराई यांच्याही सीमा लिहिलेल्या होत्या. १८४६ ते १८४९ या काळात स्ट्रेची आणि विंटरबॉटम यांनी कुमाऊँ-गढवालमधून तिबेटच्या हद्दीपर्यंत हजारो वनस्पती गोळा केल्या. ते ज्या वाटांनी हिंडले त्या बहुतांशी भोटिया व्यापाऱ्यांच्या मेंढ्यांनी पाडलेल्या होत्या. १८८० च्या दशकात ॲटकिन्सनने हिमालयी जिल्ह्यांचा तीन खंडांचा गॅझेटियर छापला, त्यात हा व्यापार तपशिलाने आलेला आहे. माणा, नीती, मिलम इथले भोटिया खालून धान्य वर न्यायचे आणि तिबेटातून मीठ, टाकणखार, लोकर खाली आणायचे. ओझी वाहायला मेंढ्या आणि बकऱ्याच असत. पाठीच्या दोन्ही बाजूंना लोकरी-चामडी थैल्या, प्रत्येक जनावरावर आठ-दहा किलो, आणि असे शेकडोंचे कळप खिंडीखिंडीतून. अशा कळपाला दाणावैरण कोण देणार? वाटेवरची बुग्याल हाच त्यांचा चारा. गढवालच्या उंच कुरणांवरून शतकानुशतकं व्यापारी रस्ता गेलेला आहे, आणि तिथल्या वनस्पती त्या रहदारीसकट जगत आलेल्या आहेत.

कळप चरण्याहून जास्त परिणाम कळप बसण्याचा होतो. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात ते लेंडीखतासाठी, हे सांगायला नको. बुग्यालातही मेंढपाळ वर्षानुवर्षं ठरलेल्या जागीच रात्रीचा तळ टाकतात. पाणी जवळ, वारा कमी, वाघराला अडवता येईल अशी जागा. दिवसभर सगळ्या डोंगरावरचं गवत खाऊन रात्री त्याचं खत एकाच एकरभर जागेत पडतं. आजूबाजूचं कुरण नायट्रोजनने थोडं दुबळं होतं आणि तळाची जागा इतकी सकस होते की तिथे नाजूक फुलझाडांचा निभाव लागत नाही. तिथे आपल्या आंबट चुक्याचा भाऊबंद रूमेक्स माजतो आणि त्याच कुळातला अमेलाही. मेंढपाळ गेल्यावर कित्येक वर्षांनीसुद्धा, झोपडीचा दगड न् दगड नाहीसा झाला तरी, या झाडांवरून जुन्या तळाची जागा ओळखू येते. दुबळी जमीन आणि सकस जमीन यांची ठिगळं शेजारी-शेजारी पडल्यामुळे खोऱ्यातल्या जातींची एकूण संख्या वाढते. फुलांचा जो गालिचा प्रवासी वाखाणतो त्याच्या नक्षीत कळपांच्या मुक्कामांचा नकाशाही आहे.

चरणाऱ्यांना नियम नव्हते असंही कोणी समजू नये. गढवालच्या कित्येक गावांत नंदाष्टमीच्या आधी, म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमीपर्यंत, ब्रह्मकमळ तोडायला कोणी वर जात नाही. नंदादेवीला ते वाहायचं आणि मग प्रसाद म्हणून वाटायचं. वरवर पाहता ही श्रद्धेची बाब. पण ब्रह्मकमळ फुलतं जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नंदाष्टमी येईपर्यंत बऱ्याच झाडांना बी धरायला लागलेलं असतं. रूढी घालणाऱ्यांच्या मनात बियांचा हिशेब होता की नव्हता हे ठरवण्याची गरज नाही. परिणाम तोच होतो. इंग्रजी राजवटीने १९११ नंतर कुमाऊँतलं रान राखीव करून असे गावकी नियम मोडीत काढले, तेव्हा १९२१ साली लोकांनी जंगलं पेटवून उत्तर दिलं. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि शेवटी वनपंचायतींचे नियम करून काही रान गावांच्या ताब्यात द्यावं लागलं. ते नियम १९३१ सालचे. म्हणजे ज्या साली स्माइथला पुष्पावतीचं खोरं ‘सापडलं’, त्याच साली त्या मुलखातल्या गावकऱ्यांनी झगडून आपल्या रानावरचा हक्क सरकारकडून लिहून घेतला होता. दुसरी घटना कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

पुढे दोन घाव पडले. १९६२ च्या युद्धाने तिबेटच्या खिंडी बंद झाल्या आणि ओझेवाहू कळपांचं काम एका हंगामात संपलं. काही कुरणं ओस पडली, काहींवर उरलेल्या कळपांची गर्दी झाली. दुसरा घाव १९८२ चा. नंदादेवीचा अंतर्भाग आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ही दोन्ही त्या वर्षी राष्ट्रीय उद्यानं झाली. खोऱ्याचं ८७.५ चौरस किलोमीटर क्षेत्र चराईला बंद झालं आणि मेंढपाळ कायद्याने घुसखोर ठरला. युनेस्कोने नंदादेवीला १९८८ साली आणि या खोऱ्याला २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

बंदीनंतर दशकभरात अमेल्याची ओरड सुरू झाली. हे झाड मूळचं हिमालयाचंच, बाहेरून आलेलं नाही. युरोपात मात्र बागांतून निसटून ते तण म्हणून बदनाम झालेलं आहे. जमिनीखालून खोड पसरवत जातं, पुरुषभर वाढतं आणि त्याच्या दाट पानोळ्याखाली दुसरं काही फारसं टिकत नाही. मेंढरं त्याचे कोवळे कोंब खाऊन-तुडवून त्याला आवरत होती, ती गेली आणि अमेल्याला रान मोकळं झालं, असं काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडलं. त्याला उत्तर मिळालं ते देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतून. चंद्रप्रकाश काला यांनी १९९० च्या दशकात खोऱ्यात पद्धतशीर पाहणी केली आणि चराईबंदीला दोषी धरायला नकार दिला. अमेला मुख्यतः माती सरकलेल्या किंवा हिमकडे कोसळणाऱ्या उतारांवर आणि मेंढ्यांच्या जुन्या तळांवर माजतो, तेव्हा त्याचं मूळ चराईतच शोधा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. माझ्या मुद्द्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे, कारण तो प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला आहे.

तो मी नाकारत नाही. उलट, तो नीट वाचला तर काय निघतं? कळप हाकलून दहा-पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्या तळांच्या जागी कोणतं झाड उगवायचं हे कळपांचंच खत ठरवत होतं. म्हणजे दोन्ही पक्षांच्या पुराव्यातून एकच निष्पन्न होतं, की खोऱ्याची आजची वनस्पती त्याच्या चराईच्या इतिहासाशिवाय समजत नाही. आणि मग कुंपण घालून, माणसं-जनावरं बाहेर काढून ‘मूळ स्थिती’ परत येईल ही बंदीमागची अपेक्षा दोन्ही बाजूंनी कोसळते. चराई थांबल्याने अमेला वाढला असेल तर बंदी चुकली. जुन्या चराईमुळेच तो तिथे रुजला असेल तर नुसती बंदी त्याला हलवू शकत नाही. वनखात्याला हे कृतीतून मान्य करावं लागलं आहे. मजूर लावून अमेला उपटण्याच्या मोहिमा खोऱ्यात नेमाने चालतात. जनावरांना जे मनाई आहे ते माणसाच्या हातांनी, सरकारी खर्चाने करायचं, असा हा मामला आहे.

दुसरा आक्षेप वनौषधींचा. मेंढपाळ नुसते चारत नाहीत, कुटकी, अतिविष, जटामांसी, सालमपंजा खणून खाली विकतात, आणि या झाडांची मुळंच औषधी असल्याने खणलं की झाड संपतं. हे खरं आहे, आणि नव्वदीनंतर कीडाजडी या औषधी बुरशीच्या भावाने बुग्यालात जी झुंबड उडाली ती पाहता आक्षेप अधिकच धारदार होतो. पण मेंढी मुळं खणत नाही. खोदाई हा बाजाराचा व्यवहार आहे आणि तो रोखायचा तर खरेदीदाराच्या गोदामावर नजर हवी. दोन वेगळ्या कामांना एकच मनाई लावली की सहज सापडणारा, म्हणजे उघड्यावर दिसणारा मेंढपाळ पकडला जातो आणि पिशवीत मुळं घालून रात्री उतरणारा सुटतो. शिवाय ज्याचे कळप कुरणात असतात तो परक्या खोदणाऱ्यावर लक्षही ठेवतो. त्याला हाकलल्यावर राखण करायला उरतात मोजके वनरक्षक.

आणखी एक आक्षेप अभ्यासू वाचकाच्या मनात येईल. प्रिम्युला आणि कॅल्था तर मेंढपाळांच्या लाखो वर्षं आधीपासून आहेत, मग त्यांना मेंढरांची गरज कशी? गरज जातींना नाहीच. भरल ही रानमेंढरं, कस्तुरीमृग, हिमकडे, पूर हेही कुरण मोकळं ठेवतात, आणि माणूस नव्हता तेव्हा त्यांनीच ते ठेवलं. पण आज आपण जे जपायला निघालो आहोत ते एका विशिष्ट काळातलं प्रमाण आहे, स्माइथच्या डोळ्यांनी पाहिलेलं. ते प्रमाण भरल आणि मेंढरं दोघांच्या हयातीत बसलेलं होतं. त्यातली मेंढरं वजा करून भरलांकडून दुप्पट कामाची अपेक्षा ठेवता येत नाही. कोणाला मेंढरांआधीचं खोरं हवं असेल तर तसं त्याने म्हणावं. मात्र ते पोस्टरवरच्या खोऱ्यासारखंच दिसेल अशी हमी देऊ नये.

भरतपूरला हाच धडा त्याच वर्षी, पण जास्त किंमत देऊन शिकायला मिळाला. केवलादेव घना हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ च्या नोव्हेंबरात म्हशींना बंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी पाणथळ बिघडवतात असं सालिम अली यांच्यासारख्या जाणत्यांचंही मत होतं. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दहा वर्षांचा अभ्यास पुरा झाला तेव्हा निघालं उलटंच. म्हशी गेल्यावर पास्पालम गवताने पाणी व्यापलं आणि पाणपक्ष्यांना उघडं पाणी कमी पडू लागलं. संस्थेने निष्कर्ष दडवला नाही, याबद्दल तिला मानायला हवं. भरतपूर मैदानात, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स सव्वातीन हजार मीटरवर. गवतं वेगळी, जनावरं वेगळी. एकाचा निकाल दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नये, हे कबूल. तरीही ओलसर कुरणातून चरणारा प्राणी काढला की काय होईल हे आधी तपासा, एवढं भरतपूरवरून म्हणता येतं. गढवालात तपासणी झाली ती बंदीनंतर.

नंदादेवीच्या पायथ्याच्या लाता आणि आसपासच्या गावांनी १९९८ साली ‘झपटो छीनो’ म्हणत बंद उद्यानात प्रवेश केला, तो याच रागातून. त्याला दोन तपं उलटून गेली तरी कायद्याची भाषा फार बदललेली नाही. थोडी बदलली ती न्यायालयात. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बेदनी-अली बुग्यालांच्या प्रकरणात रात्रीचा मुक्काम बंद केला, पर्यटकांची संख्या २०० वर आणली आणि व्यापारी चराई थांबवताना स्थानिक मेंढपाळांना संख्येची मर्यादा घालून मुभा ठेवली. गावचा कळप आणि ठेकेदाराचा कळप यांत फरक करणारं हे शहाणपण १९८२ साली असतं तर बराच मनस्ताप टळला असता.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे सगळं दूरच्या हिमालयाचं म्हणून सोडून देऊ नये. साताऱ्याजवळचं कास हिमालयाच्या मानाने ठेंगणं, जेमतेम १,२०० मीटर, आणि तिथे बर्फाऐवजी पाऊस. पण जांभ्या दगडावर वीतभर माती, चार महिने साचलेलं पाणी आणि त्यात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, वायतुरा अशी ठेंगणी मंडळी. रचना ओळखीचीच आहे. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली कास जागतिक वारसा झालं, गर्दी लोटली, जाळीचं कुंपण आलं. त्याने पर्यटक आवरले तशी गावची गुरंही आवरली. मग गवत माजतं, छोटी फुलं दबतात, अशी तक्रार गावकऱ्यांकडून आणि अभ्यासकांकडूनही येऊ लागली, आणि शेवटी कुंपण काढण्याचा निर्णय झाला. गढवालला जे अजून जमलेलं नाही ते इथे निदान सुरू तरी झालं.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये आता करण्याजोगं काम साधं आहे. खोऱ्यातले चार-सहा तुकडे आखावेत, काहींत खालच्या भ्यूंडार गावच्या मोजक्या मेंढ्या बी गळून गेल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोडाव्यात, काहींत फक्त अमेला उपटावा, काही तसेच ठेवावेत, आणि दहा वर्षं मोजावं. मोजणीत गावचा माणूस असावा, कारण तळ कुठे होते हे त्यालाच माहीत आहे आणि ते सांगणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. वाचकाला विनंती एवढीच, की सप्टेंबरात कासला किंवा खोऱ्याच्या पायथ्याच्या घांगरियाहून वर जाताना फुलांत एखादं जनावर चरताना दिसलं तर वनखात्याला फोन लावण्याआधी ते कोणाचं आहे आणि किती वर्षं इथे येतंय, हे शेजारच्या गुराख्याला विचारावं.